चुलीवरून पाहिलेला मेळघाट

मी गंज आहे. लोखंडाला चढतो तो नव्हे, वरण शिजवायचा. पुण्यामुंबईकडे ज्याला पातेलं म्हणतात त्याला आमच्या वऱ्हाडात गंज म्हणतात. मी जर्मनचा आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा. या धातूला आमच्याकडे जर्मन का म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि मी कोणाला विचारलंही नाही. एवढं ठाऊक आहे की माझ्यात वीस-पंचवीस माणसांचं वरण होत होतं, आणि आता एकाचंही होत नाही.

तुम्ही मेळघाट पाहायला निघाला असाल तर मला विचारा. अमरावतीच्या वरच्या अंगाला, उत्तरेला, डोंगरांचा आणि सागाच्या जंगलाचा जो पट्टा आहे, त्यात पाहण्यासारखं म्हणून जे जे काही आहे तिथे माझं बूड टेकलेलं आहे. चिखलदरा, कोलकास, मुक्तागिरी, अकोल्याकडचा नरनाळा. सगळीकडे गेलो. पाहिलं मात्र काहीच नाही. ते कसं, तेच सांगायला बसलो आहे.

माझी पहिली आठवण बहिरमच्या यात्रेची. हिवाळ्याचे दिवस, धुळीत मांडलेली भांड्यांची दुकानं, आणि माझ्या पोटात माझ्याहून लहान गंज एकात एक बसलेले. खुशालराव आले. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या आणि आवाज आजच्याइतकाच मोठा होता. त्यांनी ओळीनं सगळ्या गंजांना बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. मला ठोकलं तेव्हा मी जरा जास्तच वाजलो. तरुण होतो.

"हा द्या," ते म्हणाले. "हा बोलते."

दुकानदारानं छिन्नी हातात घेऊन विचारलं, "नाव काय टाकू?"

आमच्याकडे नाव टाकल्याशिवाय भांडं घरी नेत नाहीत. लग्नकार्यात भांडी एकमेकांकडे जातात आणि परत येताना भलत्याच घरी शिरतात.

"टाका. खुशालराव, शेंदूरजनाघाट."

टक टक टक करत माझ्या काठाखाली ठिपक्यांचं नाव उमटलं. दुखलं. मागे डोक्यावर पदर घेऊन कौशल्याबाई उभ्या होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांनी नाव वाचलं, पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि मला कमरेवर घेतलं. नाव एकाचं आणि कंबर दुसरीची, असा माझा संसार सुरू झाला.

शेंदूरजनाघाट म्हणजे वरूडजवळचं संत्र्यांचं गाव. खुशालरावांची काळी जमीन, त्यात संत्र्याची बाग. हिवाळ्यात तोड झाली, माल ट्रकात भरून गेला, की त्यांच्या पायाला खाज सुटायची. "चला, मेळघाट पाहू." मग मेटाडोर सांगायचा, भाऊबंद गोळा करायचे. शालिकराम तर असायचाच. तो वरूडचा संत्र्याचा व्यापारी, खुशालरावांचा लहानपणचा दोस्त, आणि खुशालरावांना अरे-तुरे करणारा पृथ्वीवरचा शेवटचा माणूस.

वऱ्हाडी माणूस म्हणतो की मी डोंगर पाहायला चाललो. खोटं आहे. तो रोडगे खायला चाललेला असतो. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, घडीवर घडी घालून वळलेले आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले. फोडून वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि माझ्यातलं तुरीचं वरण. सहलीला जाऊन हॉटेलात जेवणं म्हणजे खुशालरावांच्या लेखी सहल नासली. गोवऱ्यासुद्धा ते घरून नेत. डोंगरावरच्या गाईंच्या शेणावर त्यांचा भरवसा नव्हता.

आता रोडग्यांचं असं आहे की ते रांगत्या लेकरासारखे असतात. नजर हलली की काहीतरी करून बसतात. एका अंगानं जळतात, दुसऱ्या अंगानं कच्चे राहतात. वरण ढवळावं लागतं, नाहीतर बुडाला लागतं. वांदरं टपलेली असतात. म्हणून सामानापाशी आणि चुलीपाशी कोणीतरी बसावं लागतं. ते कोण, हे ठरलेलं होतं. कोणी ठरवलं ते विचारू नका. कोणीच ठरवलं नव्हतं.

बाकीच्या बाया लेकरं घेऊन पॉइंटावर जाऊन येत. पुरुष तर उतरल्या उतरल्या गेलेले असत. कौशल्याबाई तीन दगड मांडत, मला त्यावर चढवत आणि बसत. तासाभरानं दुरून हाक येई, "झालं काय वंऽऽ?" हा खुशालरावांचा आवाज. आधी आवाज येई, मागून माणूस येई. मग पंगत बसे, जेवणं होत, आणि बाईंचं स्वतःचं जेवण उरकेपर्यंत खुशालराव गाडीजवळ उभे. "चला चला, घाट उतराचा हाय. अंधार पडते."

दरवर्षी हेच. म्हणून मेळघाट माझ्याकडून ऐकायचा तर तो असा ऐकावा लागेल.

भीमकुंड घ्या. कीचकाला मारून भीमानं तिथे हात धुतले म्हणतात. खोल दरी आहे, पाणी वरून पडतं. मला त्या पाण्याचा आवाज माहीत आहे, आणि तिथला वारा माहीत आहे. तो दरीतून वर येतो आणि थेट चुलीत शिरतो. तीन बाजूंनी दगड लावले तरी जाळ आडवाच. शेवटी चौथ्या बाजूला कौशल्याबाईंनी आपली पाठ लावली, तेव्हा कुठे वरण उकळलं. त्या दिवशी शालिकरामानं काढलेल्या फोटोत कोपऱ्यात एक पाठ दिसते. ती भीमाची नाही.

मुक्तागिरीला डोंगरात पांढरी देवळं आहेत आणि त्यांच्या मधून धबधबा पडतो, असं येणारा-जाणारा सांगतो. आमची चूल खूप अलीकडे, झाडाखाली. तिथल्या एका वांदरानं कच्चा रोडगा उचलला, फांदीवर बसून चावला, तोंड वाईट केलं आणि खाली फेकला, तो नेमका माझ्यात. वरण हातभर उडालं. बाई एकट्याच खो खो हसल्या. दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच पळीनं ढोसलं.

कोलकासला सिपना नदी वळण घेते. तिचं पाणी गोडं, डाळ लवकर शिजे. आता तिथे चूल पेटवायला मनाई आहे, आणि ती बरोबरच आहे. मनाई आली त्या वर्षी खुशालराव गार्डाशी भांडले. "आमी काय जंगल पेटवाले आलो काय?" गार्डानं बादली आणली आणि चुलीवर ओतली. मी बाजूला काढलेला होतो म्हणून माझं भागलं.

नरनाळ्याचा किल्ला मोठा आहे म्हणे, दरवाजावर दगडात बारीक कोरीव काम आहे म्हणे. मी पायथ्याशी एका चिंचेखाली होतो. त्या चिंचेबद्दल काहीही विचारा, सांगतो.

आणि पंचबोल. चिखलदऱ्याचा पंचबोल पॉइंट. समोर दरी, पलीकडे डोंगरामागे डोंगर. कड्यावर उभं राहून ओरडलं की आवाज पाच वेळा परत येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं. बाई वरण ढवळत होत्या. खुशालरावांना भूक लागली आणि त्यांनी नेहमीसारखी कड्यावरूनच हाक दिली.

"झालं काय वंऽऽ?"

मग समोरचा डोंगर म्हणाला, काय वं. त्याच्या मागचा म्हणाला, काय वं. मग आणखी मागचा. पाचवा तर इतका दूर होता की त्याला आमचं वरण काय कामाचं, पण त्यानंही विचारलं.

बाईंनी पळी वर धरून त्या बाजूला पाहिलं. दिसत काही नव्हतं, मधे झाडी होती. मग त्या मला म्हणाल्या, "एक नवरा कमी पडत होता म्हून आता डोंगरं बी इचारून राह्यले."

वर्षं गेली. घरात गॅस आला, कुकर आला. मी माळ्यावर गेलो. सहल असली की खाली उतरायचं, सहल झाली की राखेनं घासून घेऊन परत वर. कौशल्याबाई भांडं घासतात ते असं की भांड्याला वाटावं आपला काही गुन्हा झाला. माझ्यावरचं नाव आधी फिकं झालं, मग नुसते ठिपके राहिले, मग तेही गेले. मुलगा कुलदीप बाग पाहू लागला. सून सीमा आली. नात रागिणी अमरावतीला कॉलेजात गेली.

एका दिवाळीला रागिणी घरी आली होती. तिच्या मैत्रिणी मेळघाटाला जाणार होत्या. बाई अंगणात मला घासत होत्या, ती पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती.

"आजी, भीमकुंड कसं हाय वं? पोरी इचारून राह्यल्या."

"वारा लय हाय तिथं. जाळ आडवा होते."

"आन कोलकास?"

"पानी चांगलं. डाळ पटकन शिजते."

"नरनाळा?"

"चिंच हाय एक. सावली मस्त."

रागिणी हसत सुटली. हसता हसता थांबली.

"आजी, तू पंचबोलची दरी पाह्यली काय?"

"मी होती ना तिथंच."

"होती. पाह्यली काय, ते सांग."

बाईंचा हात काही थांबला नाही. "पाहू ना," त्या म्हणाल्या. "दरी कुठं जाते."

दरी कुठेच गेली नाही. डोळे निघाले.

त्या पेल्यात पाणी ओतायच्या आणि पाणी पेल्याशेजारी पडायचं. उंबरठ्याला ठेच लागायची. दिवस कलला की भिंत धरून चालायच्या. कुलदीप त्यांना अमरावतीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, डॉक्टर म्हणाला. उजव्याला औषध घालत राहा, पण तो किती साथ देईल ते सांगता येत नाही. बाई घरी आल्या, चूळ भरली आणि खाटेवर बसलेल्या खुशालरावांसमोर उभ्या राहिल्या.

"मले पंचबोल पाह्याचा हाय. दिसून राह्यलं तवर."

"पंचबोल? किती डाव नेलं तुले!"

"नेलं."

"मंग? पाह्यण्यासारखं काय हाय तिथं? खोल गड्डा हाय नुसता."

"तुमी कायले जाता मंग दरसाल?"

खुशालरावांना खोकला आला. तो चांगला लांबवून झाल्यावर ते म्हणाले, "बरं, जाऊ. शालिकरामलेबी सांगतो. सीमा, गोवऱ्या काढून ठेव."

सीमा दारात उभी होती. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणते. "मामाजी, या डाव तिथंच हॉटेलात जेवू ना. आत्याबाईले जरा मोकळं..."

"हॉटेलात? चिखलदऱ्याले जाऊन पनीर खाऊ काय?"

"मंग मी बसीन चुलीपाशी."

"तू? मागच्या डावाले तुह्या रोडग्याचा पार कोळसा झाला होता."

झाला होता, हे खरं होतं. कुलदीप तर बापासमोर बोलतच नाही, तो फक्त गाडी चालवतो. म्हणजे झालं काय, की म्हातारी पंचबोल पाहायला निघाली आणि सोबत गोवऱ्या, कणीक, डाळ आणि मी. जे आजवर झालं तेच परत होणार होतं, फक्त या खेपेला पुढच्या वर्षीचा भरवसा नव्हता.

निघायच्या सकाळी बाईंनी मला माळ्यावरून काढवून घेतलं. अंगणात नेलं, उन्हाकडे धरलं आणि उजवा डोळा माझ्या तोंडाशी आणून आत पाहिलं. माझ्या बुडातून उजेड आला. सुईच्या टोकाएवढा. राखेनं घासून घासून मी कागदासारखा झालो होतो, आणि घासणारे हात त्यांचेच होते.

"आत्याबाई, गंज चांगला हाय ना?" सीमानं आतून विचारलं. "नाहीतर शेजारून आनतो एखादा."

"मस्त हाय," बाई म्हणाल्या, आणि मला पोत्यात घातलं.

मी भांडं आहे. झालं ते सांगितलं. बाईंच्या मनात काय होतं ते मला विचारू नका.

परतवाडा गेलं, घाट लागला. मी डिकीत गोवऱ्यांशेजारी आदळत होतो. थंडी वाजायला लागली तसं कळलं की चिखलदरा आला. पंचबोलच्या वाटेवर जयवंताबाई नावाच्या गवळणीची चहा-रबडीची टपरी आहे. जंगलात चूल पेटवता येत नाही म्हणून आमची मंडळी हल्ली तिच्या अंगणात मांडतात, तिला विचारून.

"या खुशालराव," ती म्हणाली. "या डाव बी घरच्याच गोवऱ्या? आमच्या म्हशी काय शेण देत नाई काय?"

"तुह्या म्हशी रबडी देते, तेवढं पुरे," खुशालराव म्हणाले.

शालिकरामानं मफलर बांधला. "चाल खुशाल, गड्डा पाहू." आणि दोघं म्हातारे कड्याकडे निघाले. कुलदीप त्यांच्या मागून गेला. बाई चुलीपुढे बसल्या. सीमा वांगी चिरायला लागली. आर पडला, रोडगे आत गेले. शेजारच्या तीन दगडांवर मी बसलो, डाळ आणि पाणी पोटात घेऊन. आता बूड गळेल, आता गळेल, म्हणून मी वाट पाहत होतो. पण आत डाळीचा गाळ बसला आणि ते भोक बंद झालं. इतक्या वर्षांची सवय. शिजवायला लागलो.

रागिणी आजीपाशी उकिडवी बसली होती. "आजी, ऊठ ना. ऊन उतरून राह्यलं. मंग तुले दिसणार नाही."

"डाळ लागते."

"लागू दे!"

"तुह्या आबाजीचं तोंड ठाऊक हाय ना तुले? घरी जायेपर्यंत बंद होत नाही ते."

ऊन खरंच उतरत होतं. टपरीची सावली सरकत सरकत माझ्या काठाशी आली. आणि तेवढ्यात कड्यावरून ती हाक आली. "झालं काय वंऽऽ?" मागोमाग डोंगर. काय वं, काय वं, काय वं. रागिणी ताडकन उठली आणि पायानं एक खडा दूर उडवला.

बाईंनी पळी घेतली. डाळ लागू नये म्हणून बाई पळी फिरवते ती हळू, कडेकडेनं. कौशल्याबाईंनी पळी उभी धरली आणि माझ्या बुडावर मारली, खिळा ठोकावा तशी. एकदा. मग आणखी एकदा.

मी फुटलो.

फुस्स झालं, वाफेचा आणि राखेचा लोट उठला, वरण चुलीत गेलं, जाळ विझला. सीमा ओरडली. जयवंताबाई धावत आली. कड्यावरून धूर दिसला म्हणून पुरुषही लगबगीनं परत आले, खुशालराव सगळ्यात पुढे.

"काय झालं?"

"गंज फुटला," बाई म्हणाल्या.

"आत्ताच?"

"लय वर्साचा होता."

शालिकरामानं मला चिमट्यानं उचललं आणि भोकातून आभाळ पाहिलं. "खुशाल, तुह्या नावाचा गंज होता ना रे हा? नाव कुठं गेलं?"

"घासून गेलं," बाईंनी सांगितलं.

त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पदर नीट घेतला. शेजारच्या आरात रोडगे तसेच होते, त्यांना काही झालं नव्हतं.

"रोडगे फिरवत राह्यजा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लक्ष काढू नका, एका अंगानं जळते."

"आन तू कुठं चालली?"

"गड्डा पाहाले."

"आन मी?"

"तुमी पाह्यला ना. दरसाल."

शालिकराम असा हसला की त्याचा मफलर सुटला. "बस रे खुशाल. मी जातो वहिनीसंगं. कोनीतरी सामानापाशी पाह्यजेच."

रागिणीनं आजीचा हात धरला. सीमा निघाली, कुलदीपही निघाला. अंगणात राहिलो खुशालराव, मी आणि आर.

खुशालराव खाली बसले. बसताना दोन्ही गुडघे वाजले. चिमटा धरायचं त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी तो काठीसारखा धरला. पहिला रोडगा फिरवताना बोट भाजलं. फुंकर मारली तर राख डोळ्यात गेली. ते सरकले तिकडे धूर सरकला. दुसऱ्या बाजूला बसले, धूर तिथे आला. टपरीच्या पत्र्यावर एक वांदर येऊन बसलं आणि कणकेच्या परातीकडे पाहायला लागलं. त्याच्याकडे काठी उगारली तर इकडे एक रोडगा काळा पडला.

"धूर तुमाले ओळखत नाई अजून, खुशालराव," जयवंताबाई चहाच्या भांड्यामागून म्हणाली.

"चूप बस वं."

मग बराच वेळ काही आवाज आला नाही. खुशालराव मान वळवून कड्याच्या बाजूला पाहत होते. मधे झाडी. दिसत काही नव्हतं. चुलीपासून पंचबोल दिसत नाही, हे मी त्यांना कधीच सांगू शकलो असतो.

आणि मग आवाज आला. कौशल्याबाई जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या. लेकराला हाक मारायची तरी दारापर्यंत जाऊन मारायच्या. त्यामुळे पहिल्यांदा मला तो आवाज ओळखूच आला नाही.

"झालं काय होऽऽ?"

समोरच्या डोंगरानं विचारलं, काय हो. मागच्यानं विचारलं, काय हो. तिसऱ्यानं, चौथ्यानं विचारलं. पाचव्यानं इतक्या हळू विचारलं की चूल पेटलेली असती तर ते ऐकूच आलं नसतं. पाठोपाठ शालिकरामाचं हसणं आणि रागिणीच्या टाळ्या.

खुशालरावांचा चिमटा हवेतच राहिला. जयवंताबाईनं तोंडाला पदर लावला. म्हातारा उठला, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि सगळा जीव काढून ओरडला.

"नाऽऽही! येऊ नको एवढ्यात!"

एवढ्यात, एवढ्यात, करत डोंगर गप्प झाले. खुशालराव परत खाली बसले. मला एका हातानं बाजूला सारलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाहू दे तिले."

ऊन पार कड्याला टेकलं तेव्हा ते सगळे परत आले. बाईंचा हात रागिणीच्या खांद्यावर होता. त्या चुलीपाशी आल्या, पण बसल्या नाहीत. जयवंताबाईनं टाकलेल्या खुर्चीवर बसल्या.

"दिसलं काय?" खुशालरावांनी विचारलं.

"दिसलं."

"काय दिसलं?"

बाईंनी जरा विचार केला. "लय खोल हाय. पाखरं आपल्या खालून उडते. त्यायची पाठ दिसते." मग म्हणाल्या, "आन पार खाली एक खेडं हाय. एका घरातून धूर निघून राह्यला होता. कोनीतरी चूल पेटवली असन. दुरून लय चांगलं दिसते ते."

खुशालरावांनी रोडगे काढले. निम्मे एका अंगानं काळे होते. वरण नव्हतंच. जयवंताबाईची रबडी घेऊन सगळे जेवले. शालिकराम काळा भाग खरवडत म्हणाला, "मस्त जमले बॉ. सीमाचे बरे होते म्हनाची पाळी आली." सीमा पहिल्यांदा मोकळी हसली. बाईंनी सगळ्यात काळा रोडगा मागून घेतला आणि शेवटपर्यंत खाल्ला.

घरी आल्यावर सीमा मला भंगारवाल्याला द्यायला निघाली होती. खुशालराव म्हणाले, राहू दे त्याले. त्यांनी खिळ्यानं माझं भोक मोठं केलं, त्यातून तार ओवली आणि मला बागेच्या कडेच्या कडुनिंबाला उलटं टांगलं. आता मी पोपट हाकलतो. म्हातारा काठीनं मला बडवतो, मी बोंबलतो, पोपट उडतात आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसतात. घंटेचं काम आहे. वरणापेक्षा सोपं, पण कोणी वाटी पुढे करत नाही, एवढं खरं.

नवा गंज आणला आहे, स्टीलचा. त्यावर नाव मशीननं टाकलं. बाईंनी आपलं टाकायला लावलं. मागच्या हिवाळ्यात तो नरनाळ्याला जाऊन आला. चुलीपाशी पाळीपाळीनं बसले असं रागिणी सांगत होती. बाई दरवाजापर्यंत चढल्या आणि त्यावरची नक्षी हातानं चाचपून आल्या, कारण तेव्हा नुसत्या डोळ्यानं भागत नव्हतं.

आता उजव्या डोळ्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही.

तुम्ही मेळघाटाला जरूर जा. भीमकुंडावर जा, सिपनेच्या वळणावर जा, पंचबोलला जाऊन ओरडा. जंगलात चूल मांडू नका. बाहेर मांडली तर मांडा, रोडगे खा, कोण नाही म्हणतो. पण दरी पाहून परत फिरलात की आधी हाक मारू नका. आधी चुलीपाशी जा, पळी हातात घ्या आणि तिथे बसलेल्या माणसाला उठवा. एवढंच सांगायचं होतं. भांड्याला यापेक्षा जास्त अक्कल नसते.

थांबतो आता. उन्हं कलली आहेत. खुशालरावांनी बागेत दोन विटांवर चहा ठेवला आहे. डोळ्यात धूर जातो म्हणून शिव्या देतात, पण चहा तेच करतात. तिकडून, घराच्या दारातून हाक आली आहे.

"झालं काय होऽऽ?"

बागेत आवाज घुमत नाही. म्हातारा काठी घेऊन माझ्याकडे येतो आहे. दोनदा वाजलो म्हणजे चहा झाला. मग माझ्या आवाजाच्या रोखानं बाई एकेका संत्र्याच्या झाडाला हात लावत इकडे येतील.